अनुस्वाराएवढा ठिपका

प्रति,
संगणकाचे मॉनिटर तयार करणाऱ्या आणि ते ऑनलाइन विकणाऱ्या कंपन्यांचे ग्राहकसेवा प्रमुख यांस,



मी उमरेडला डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, शाळांच्या स्मरणिका, बचतगटांचे अहवाल, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीची पत्रकं, प्राध्यापकांचे प्रबंध. मराठीत छापायचं असं बहुतेक सगळं गेल्या वीस वर्षांत माझ्या टेबलावरून गेलं आहे. पत्र लिहिण्याचं कारण एक ठिपका आहे. जाडी ०.३१ मिलिमीटर. तो माझ्या नव्या मॉनिटरवर डावीकडून साधारण एक तृतीयांश अंतरावर, वरच्या बाजूला आहे, आणि तो कायम काळा आहे. तुमच्या भाषेत डेड पिक्सेल.

तुमच्यापैकी एका कंपनीनं हा मॉनिटर बनवला आणि दुसऱ्या कंपनीनं विकला. मी कोणाचंही नाव घेणार नाही, कारण ओळखीच्या फोटोस्टुडिओवाल्यांना आणि ऑनलाइन सेवाकेंद्र चालवणाऱ्या मुलांना विचारलं तेव्हा प्रत्येकानं वेगळ्या कंपनीचं नाव घेऊन हीच हकीकत सांगितली.

साडेतेरा हजारांचा, २७ इंची, फुल एचडी मॉनिटर मी दिवाळीआधी मागवला. खोकं वेळेवर आलं, सीलबंद होतं, ओटीपी दिला आणि ते पोचवणारा पोरगा पुढच्या घरी गेला. पहिले दोन दिवस जुनी कामं संपवण्यात गेली. तिसऱ्या दिवशी एका स्मरणिकेचं पान उघडलं आणि ‘शाळा’ या शब्दावर अनुस्वार दिसला. मी तो खोडायला गेले. खोडला गेला नाही. पान वर सरकवलं, तर अनुस्वार जागेवरच राहिला आणि शब्द त्याच्याखालून निघून गेला.

आमचं गाव कोळशाच्या खुल्या खाणीचं. धूळ इथे काळी असते आणि ती खिडक्या बंद केल्या तरी आत येते. म्हणून आधी मला ती धूळच वाटली. मऊ कापडानं तीनदा पुसलं. मग भाच्यानं स्क्रीनवर एकेक सपाट रंग भरून दाखवला: पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा. पांढऱ्यावर काळा ठिपका होताच, आणि काळ्यावर उजव्या कोपऱ्याकडे एक हिरवा कणही चमकत होता. एक मेलेला, एक अडकलेला. पाच रंगांची ही तपासणी पाच मिनिटांत होते. खोक्यातल्या माहितीपत्रकात ती कुठेही सांगितलेली नाही. मॉनिटर भिंतीला कसा टांगायचा हे मात्र चौदा भाषांत आहे, आणि त्यांत मराठी नाही.

तुमच्या कारखान्यातलं काम किती अवघड आहे हे मी समजून घेतलं आहे, ते आधी लिहिते, म्हणजे पुढची तक्रार अडाण्याची वाटणार नाही. फुल एचडी स्क्रीनवर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल असतात. प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवा आणि निळा असे तीन उपपिक्सेल. म्हणजे ६२ लाख २० हजार ८००. त्या प्रत्येकामागे काचेवर बसवलेला एक सूक्ष्म ट्रान्झिस्टर असतो. मोठ्या काचेवर एकाच वेळी अनेक स्क्रीन तयार होतात आणि नंतर कापले जातात. त्या काचेवर धुळीचा एक कण बसला तरी तिथला ट्रान्झिस्टर जाऊ शकतो. जुन्या टीएन पद्धतीच्या स्क्रीनमध्ये ट्रान्झिस्टर गेला की प्रकाश अडत नाही, ठिपका उजळ दिसतो. माझ्यासारख्या आयपीएस स्क्रीनमध्ये प्रकाश अडून राहतो आणि ठिपका काळा दिसतो. वीस लाखांतले दोन पिक्सेल बिघडले, बाकी सगळे धडधाकट आहेत. हे थोर काम आहे आणि ते करणाऱ्या हातांबद्दल मला आदर आहे.

पण एवढ्याशा ठिपक्याचं मोल मी घरातच शिकले. माझे वडील नागपूरला महाल भागातल्या एका छापखान्यात कंपोझिटर होते. खिळे जुळवायचे. शिशाच्या खिळ्यांत सगळ्यात आधी तुटायचं ते नाजूक असेल ते: वेलांटीचं टोक, रफार, अनुस्वार. बाबा प्रूफ काढून भिंगानं बघायचे, आणि अनुस्वार झिजलेला खिळा सापडला की तो चिमट्यानं उचलून वितळवायच्या डब्यात टाकायचे. ‘एवढ्याशानं काय होतंय’ असं त्या छापखान्यात कोणी म्हटलेलं मी ऐकलं नाही. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी उच्चार नसलेले अनुस्वार गेले, तेव्हा त्यांच्या पिढीचं काम थोडं हलकं झालं. पण जे राहिले ते सगळे अर्थाचे राहिले. ‘त्यांनी’ आणि ‘त्यानी’, ‘करते’ आणि ‘करतें’, ‘नाव’ आणि ‘नांव’. यातलं काय चूक, काय जुनं आणि काय बरोबर हे एका टिंबावरून ठरतं, आणि ते ठरवण्याचेच मला पैसे मिळतात.

पूर्ण पान स्क्रीनवर बसवलं की बारा पॉइंटच्या मजकुरातला अनुस्वार एखाद-दुसऱ्या पिक्सेलात मावतो. तुमचा मेलेला पिक्सेल आणि माझा अनुस्वार एकाच मापाचे आहेत. इंग्रजी मजकूर वाचणाऱ्याला तो ठिपका दोन दिवसांनी दिसेनासा होत असेल. मराठी, हिंदी, कोकणी, संस्कृत तपासणाऱ्याला तो दर ओळीला दिसतो, आणि प्रत्येक वेळी खरा आहे की खोटा हे ठरवावं लागतं.

त्या महिन्यात एका लग्नपत्रिकेत ‘मगल कार्यालय’ छापून गेलं. स्क्रीनवर मी तीनदा वाचलं होतं, तिन्ही वेळा ‘मंगल’ वाचलं होतं. पत्रिका आली तेव्हा कळलं की वरचं टिंब अक्षराचं नव्हतं, मॉनिटरचं होतं. तीनशे पत्रिका मी माझ्या खर्चानं पुन्हा छापून दिल्या. मुलीच्या वडिलांना कारण सांगायला गेले आणि सांगता आलं नाही. स्क्रीनचा ठिपका होता म्हणून मुलीच्या पत्रिकेत चूक झाली, हे त्यांना काय म्हणून सांगायचं? मी माफी मागितली.

तक्रार मी तिसऱ्याच दिवशी केली होती. फोनवरची मुलगी नम्र होती. तिनं सांगितलं की ‘फक्त बदलून मिळेल, पैसे परत नाहीत, मुदत सात दिवस, आणि आधी टेक्निशियन येऊन बघेल.’ टेक्निशियन नागपूरहून यायचा होता. अंतर पन्नास किलोमीटरच्याही आत आहे. तो नवव्या दिवशी आला. बिचारा नागपुरातल्या बर्डीवरून मोटरसायकलनं आला होता, दुपारचं ऊन डोक्यावर घेऊन. मी पाणी दिलं, त्यानं फोटो काढले, कंपनीच्या अ‍ॅपमध्ये भरले आणि म्हणाला, ‘मॅडम, ठिपका आहे हे मलाही दिसतंय. पण पॉलिसीत बसतो. पाचच्या वर असते तर मी लगेच लिहिलं असतं.’ मी विचारलं, ‘दादा, हे पाच कुठे लिहिलंय?’ त्याला माहीत नव्हतं. त्या रात्री तक्रार बंद झाल्याचा संदेश आला. विक्रेत्याला कळवलं, तर त्यांनी उत्पादकाकडे बोट दाखवलं आणि वर सांगितलं की सात दिवसांची मुदत उलटून गेली आहे. मुदत त्यांच्याच माणसाची वाट बघण्यात उलटली होती.

हा पाचाचा आकडा येतो कुठून, ते मी नंतर शोधलं. २००१ साली आयएसओ १३४०६-२ हे आंतरराष्ट्रीय मानक आलं; २००८मध्ये त्याची जागा आयएसओ ९२४१ मालिकेतल्या मानकांनी घेतली. त्या पहिल्या मानकात स्क्रीनचे चार वर्ग होते. पहिल्या वर्गात एकही दोष चालत नव्हता. दुसऱ्या वर्गात दर दहा लाख पिक्सेलांमागे २ कायम उजळ, २ कायम काळे आणि ५ बिघडलेले उपपिक्सेल चालत होते. बाजारातले बहुतेक मॉनिटर या दुसऱ्या वर्गाच्या हिशोबानं विकले गेले, आणि तुमच्या आजच्या धोरणांवरही त्याचीच छाप आहे. फुल एचडीला हा हिशोब लावला तर ४ उजळ, ४ काळे आणि १० उपपिक्सेल होतात. फोरकेवर जवळपास ८३ लाख पिक्सेल असतात, तिथे तोच हिशोब १६ उजळ आणि १६ काळ्यांवर जातो. जास्त पैसे देणाऱ्यानं जास्त ठिपके सोसावेत असा याचा अर्थ होतो, आणि तो मला कोणत्याही बाजूनं न्याय्य वाटत नाही.  वर, चार वर्ग होते म्हणजेच कोणता वर्ग विकतोय ते सांगणं त्या मानकात गृहीत होतं. तुम्ही वर्ग सांगत नाही, फक्त त्यातली सूट घेता.

मॉनिटरच्या पाठीवर भारतीय मानक ब्युरोचं नोंदणीचिन्ह होतं. मला आधी वाटलं, चला, कोणीतरी तपासलं आहे. पण ती नोंदणी विजेच्या सुरक्षिततेची आहे. ठिपक्यांशी तिचा संबंध नाही. त्यामुळे मॉनिटर शॉक देणार नाही हे सरकारी नोंदणीसाठी तपासलं जातं, तो स्वच्छ दिसेल याची हमी तुमच्याशिवाय कोणी घेत नाही.

आणि तुम्ही घेऊ शकता, हेही मला माहीत आहे. डेलच्या अल्ट्राशार्प मॉनिटरवर वॉरंटीच्या काळात एक जरी उजळ पिक्सेल निघाला तरी स्क्रीन बदलून देण्याची हमी आहे. २००४च्या अखेरीस सॅमसंगनं दक्षिण कोरियात एकही बिघडलेला पिक्सेल निघाला तर मॉनिटर बदलून देऊ असं जाहीर केलं होतं. म्हणजे तंत्र आडवं येत नाही. खर्च कोणाच्या अंगावर टाकायचा, एवढाच प्रश्न आहे, आणि आज तो सगळ्यात लांबच्या पिनकोडवर राहणाऱ्याच्या अंगावर पडतो.

पिनकोडचं जरा सविस्तर सांगते, कारण मुंबई-बंगळुरूच्या कार्यालयात बसून हे दिसत नसेल. आमचा ४४१२०३. या पिनकोडवर तुम्ही मॉनिटर पोचवता, मोफत पोचवता. पण परत न्यायची वेळ आली की अ‍ॅपवर लिहून येतं की तुमच्या भागात रिव्हर्स पिकअपची सोय नाही, वस्तू स्वतः कुरिअर करा. काचेची २७ इंची वस्तू. मूळ खोकं, मूळ थर्माकोल, मूळ पिशवी, सगळं हवं. ती एसटीच्या गर्दीत मांडीवर घेऊन नागपूरच्या गणेशपेठ स्थानकावर उतरायचं, तिथून रिक्षा करून कुरिअरवाल्याकडे जायचं, आणि वाटेत काच तडकली तर दोष ग्राहकाचा. मी गेले नाही. माझ्यासारखी बहुतेक माणसं जात नाहीत. तुमच्या नोंदवहीत मग आमची गणती समाधानी ग्राहकांत होत असणार.

कायदा काय म्हणतो ते तुमच्या विधी विभागाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तरी ग्राहक वाचकांसाठी इथे लिहिते. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, सदोष वस्तू परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. बिलावर मुदत असेल तर त्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखी नसेल, तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. तक्रार निवारण अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात त्याला दाद मागता येते, म्हणजे मला नागपुरात; पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क नाही. त्याआधी १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

तुमचं उत्तर मला ठाऊक आहे: ‘दोन ठिपके म्हणजे दोष नव्हेच, ते मर्यादेत आहेत.’ माझं म्हणणं इथेच आहे. कायद्यानं दोषाची व्याख्या करताना विक्रेत्यानं काय दावा केला तेही धरलं आहे. तुमच्या विक्रीच्या पानावर लखलखीत रंग, ‘निर्दोष चित्र’, डोळ्यांना आराम, एवढं सगळं होतं. पाच ठिपके चालतील हे नव्हतं. पैसे घेताना जी मर्यादा सांगितली नाही, ती तक्रार आल्यावर माझ्यावर लागू कशी होते? मला सांगितलेला आकडा शून्य होता, कारण दुसरा कुठलाच आकडा तुम्ही उच्चारला नाही.

माझ्या मागण्या फार नाहीत आणि त्यातल्या काहींना खर्चही नाही.

विक्रीच्या पानावर, किमतीच्या खाली, स्क्रीनचे इंच लिहिता तिथेच लिहा: या मॉनिटरवर इतके काळे, इतके उजळ ठिपके निघाले तर आम्ही बदलून देणार नाही. मराठीत लिहा. वॉरंटीच्या सतराव्या कलमात नको. आकडा वाचून मला परवडत नसेल तर मी दुसरा घेईन, आणि परवडत असेल तर पुन्हा तोंड उघडणार नाही.

ठिपका कुठे आहे तेही बघा. उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यातला हिरवा कण मी सोडून देते, खरंच देते. वाचायच्या जागी बसलेला काळा ठिपका मला सोडता येत नाही. दोन्हींना एकाच तराजूत टाकणारं धोरण मोजायला सोपं असेल, पण ते वापरणाऱ्याच्या डोळ्यांचा विचार करून लिहिलेलं नाही.

मुदत तक्रारीच्या दिवशी थांबवा. तुमचा माणूस नवव्या दिवशी येतो, तर सहा दिवस तुमचे, माझे नव्हेत. त्या टेक्निशियनला जागेवर निर्णय घेण्याची मुभाही द्या. त्याला ठिपका दिसला होता. अ‍ॅपला दिसला नाही.

जिथे पोचवता तिथून परत न्या. ही मागणी मी उमरेडपुरती करत नाही. भिवापूर, कुही, पवनी, नागभीड, सगळीकडे मुलं आता संगणकावर कामं करतात. त्यांचा पहिला मॉनिटर बहुतेक वेळा कर्जाचा असतो.

आणि एक सूचना आहे, जी मला आमच्याच गावानं शिकवली. उमरेड पूर्वी रेशीमकाठाच्या सुती कापडासाठी ओळखलं जायचं. इथल्या कोष्टी मंडळींच्या घरोघरी माग होते. आमच्या शेजारच्या आजोबांनी मी लहान असताना शेवटची काही वर्षं माग चालवला. ठाण उतरलं की ते दारात उजेडाकडे धरायचे आणि ताण्याचा धागा कुठे तुटून गाठ पडली आहे ते गिऱ्हाइकाला स्वतः बोट ठेवून दाखवायचे. मग किमतीतून काही कमी करायचे. गाठ असलेलं कापड विकलं जायचंच. घरात नेसायला, लहान मुलांच्या दुपट्यांना लोक ते मुद्दाम घेऊन जायचे. घेणारा गाठ बघून घ्यायचा, म्हणून नंतर भांडण नसायचं.

तुम्ही हे करू शकता. ठिपक्यांचे मॉनिटर फेकून द्या असं कोणी म्हणत नाही. एका ठिपक्यासाठी अख्खी काच, धातू आणि वीज वाया घालवणं मलाही पटत नाही. ते वेगळे काढा. खोक्यावर लिहा: दोन ठिपके, अमुक जागी, किंमत दोन हजारांनी कमी. दुकानातल्या सीसीटीव्हीला, धान्याच्या हिशोबाला, मुलांच्या गाण्यांना ते उत्तम चालतील. मी स्वतः एक घेईन, बिलं काढायच्या संगणकासाठी. पण निर्दोष मालाच्या किमतीत, सीलबंद खोक्यात, न सांगता तो मला देऊ नका.

माझा मॉनिटर मी वापरणं थांबवलं आहे. जुना एकोणीस इंची पुन्हा लावला, त्यावर पानं अर्धी दिसतात, पण टिंबं खरी दिसतात. नवा मूळ खोक्यात, मूळ थर्माकोलमध्ये, कपाटावर ठेवला आहे. बिल, टेक्निशियनच्या भेटीचा क्रमांक आणि पाचही रंगांवरचे फोटो एका पाकिटात घालून खोक्याला चिकटवले आहेत. न्यायला माणूस पाठवा. दुपारी दोन ते चार सोडून मी घरीच असते.

कळावे,

आपली,
अक्षरजुळणी करणारी एक ग्राहक
उमरेड, जि. नागपूर ४४१२०३